डिझेल ट्रकचा इंधन फिल्टर: कंपनीचा घ्यावा की बाजारातला?

फाउंड्रीमाल

नमस्कार मंडळी. आमच्याकडे दोन ट्रक आहेत. एक बीएस-३ (प्रदूषण मानकांचा जुना टप्पा) काळातील दहा चाकी, इनलाइन पंपाचा (पंपातून प्रत्येक सिलिंडरला वेगळ्या नळीने डिझेल जाते), आणि दुसरा २०२१ चा बीएस-६ (नवा टप्पा), कॉमन रेलचा (सर्व इंजेक्टरना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल मिळते). दोन्ही गाड्या गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांमधील कास्टिंग घेऊन चाकण आणि कळंबोलीकडे जातात. जुन्या गाडीला आम्ही अनेक वर्षे बाजारातला फिल्टर लावत आलो आहोत आणि तिच्या पंपाने कधी तक्रार केलेली नाही.

नव्या गाडीचे सर्व काम आजवर अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये झाले. आता तिची वॉरंटी संपत आली आहे आणि पुढील सर्व्हिसिंग आमच्या नेहमीच्या गॅरेजमध्ये करण्याचा विचार आहे. ट्रान्स्पोर्टनगरमधील दुकानदाराने तीन पर्याय समोर ठेवले: वाहन कंपनीच्या खोक्यातला फिल्टर, एका नामांकित फिल्टर उत्पादकाचा त्याहून बराच स्वस्त फिल्टर, आणि तिसरा, ज्याच्यावर केवळ गाडीच्या मॉडेलचे नाव छापलेले आहे, पण उत्पादकाचा पत्ता नाही. तिसरा मी घेणार नाही, एवढे नक्की. पहिल्या दोनांत खरोखर फरक असतो का, असल्यास तो कशात असतो, आणि जुन्या गाडीचा अनुभव नव्या गाडीला लागू करावा का, हे जाणकारांकडून समजून घ्यायचे आहे.

दहाचाकी

कंपनीचाच घ्या, दादा. फिल्टरमध्ये वाचवलेले पैसे एका इंजेक्टरमध्ये कित्येक पटींनी जातात. यापलीकडे विचार करण्यासारखे काही आहे असे मला वाटत नाही.

पंपदुरुस्ती

मी डिझेल पंप आणि इंजेक्टर तपासणीच्या कामात आहे, म्हणून शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. जुन्या गाडीचा अनुभव नव्या गाडीला लागू करू नका.

इनलाइन पंपात प्लंजर (सरकणारा दट्ट्या) आणि बॅरल (त्याभोवतीची नळी) यांच्यामधील फट अत्यंत बारीक असतेच, परंतु तेथील दाब कॉमन रेलच्या मानाने कमी असतो आणि झीज हळूहळू होते. नोजल टपकू लागते, गाडी धूर मारते, चालकाला कळते, आपण पंप उतरवून कॅलिब्रेशन करून घेतो. कॉमन रेलमध्ये रेलचा दाब १,६०० ते २,००० बारपर्यंत जातो आणि इंजेक्टरच्या नियंत्रण झडपेतील फटी काही मोजक्या मायक्रॉनच्या (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतात. एवढ्या दाबाने चार-पाच मायक्रॉनचा कठीण कण झडपेच्या बैठकीवरून गेला की तेथे चर पडतो. मग इंजेक्टरचा रिटर्न (न वापरता टाकीकडे परत जाणारे डिझेल) वाढतो, स्टार्टरवर रेलचा दाब तयार व्हायला वेळ लागतो, आणि एके दिवशी गाडी गरम असताना सुरूच होत नाही.

यात फसवी गोष्ट अशी की निकृष्ट फिल्टर लावलेली गाडी सुरुवातीला उत्तम पळते. कागद विरळ असल्याने डिझेलला अडथळा होत नाही, पिकअप चांगला वाटतो, आणि मालक म्हणतो की स्वस्त फिल्टरनेही काम भागते. नुकसान दिसते तेव्हा तो फिल्टर केव्हाच भंगारात गेलेला असतो, त्यामुळे दोष डिझेलला, पंपाला किंवा इंजेक्टर बनवणाऱ्याला दिला जातो.

कळंबोलीकर

दहाचाकी यांच्याशी मी असहमत आहे, आणि पंपदुरुस्ती यांच्या म्हणण्याशी पूर्ण सहमत असूनही असहमत आहे. निकृष्ट फिल्टर वाईट, हे मान्य. पण बाजारातला प्रत्येक फिल्टर निकृष्ट असतो, असे त्यातून सिद्ध होत नाही.

वाहन कंपन्या सहसा फिल्टर स्वतः बनवत नाहीत. बॉश, माले, मान अँड हमेल, पुण्याची फ्लीटगार्ड, फरिदाबादची इलोफिक यांसारखे उत्पादक वाहन कंपन्यांना माल पुरवतात आणि स्वतःच्या नावानेही बाजारात विकतात. आमच्या ताफ्यात वॉरंटीबाहेरच्या गाड्यांना आम्ही अशाच उत्पादकांचे फिल्टर लावतो. अट एकच, की माल त्या उत्पादकाच्या अधिकृत वितरकाकडून पक्क्या बिलावर घ्यायचा. इंजेक्टरचा खर्च या कारणाने वाढल्याचे आमच्या नोंदींत कुठेही दिसत नाही.

उलट सर्वांत जास्त नकली माल वाहन कंपनीच्याच खोक्यात येतो, कारण ज्या नावाला भाव जास्त त्याचीच नक्कल फायद्याची ठरते. ट्रान्स्पोर्टनगरच्या एखाद्या गाळ्यावर ‘कंपनीचा’ म्हणून विकत घेतलेला फिल्टर खरोखर कंपनीचा आहे, हे गृहीत धरू नये.

यंत्रवेध

माझी सारी नोकरी फिल्टर तपासणीच्या प्रयोगशाळेत झाली. या चर्चेत ‘मायक्रॉन’ हा शब्द वारंवार येणार, म्हणून त्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो.

खोक्यावर नुसते ‘५ मायक्रॉन’ छापलेले असेल तर त्यातून फारसे काही कळत नाही. फिल्टर त्या आकाराचे किती टक्के कण अडवतो, हे सोबत सांगितले पाहिजे. त्यासाठी बीटा गुणोत्तर वापरतात. फिल्टरच्या आधी असलेले कण भागिले नंतर उरलेले कण, असा तो हिशेब असतो. बीटा २ म्हणजे निम्मे कण आरपार गेले. बीटा ७५ म्हणजे सुमारे ९८.७ टक्के अडले, आणि बीटा २०० म्हणजे ९९.५ टक्के. या तिन्ही फिल्टरांवर ‘५ मायक्रॉन’ लिहिता येते आणि तिन्ही उत्पादक आपण खरे बोलतो असे म्हणू शकतात. इंधन फिल्टरची ही चाचणी आयएसओ १९४३८ या मानकानुसार होते, आणि पाणी वेगळे करण्याच्या क्षमतेची आयएसओ १६३३२ नुसार. चांगल्या उत्पादकाच्या माहितीपत्रकात हे आकडे मिळतात. दुकानदाराला ते ठाऊक नसतील, पण वितरकाला विचारता येतात.

कळंबोलीकर यांच्या मुद्द्याला एक मर्यादा जोडतो. उत्पादक तोच असला म्हणून माल तोच असतो, असे नाही. एकाच कारखान्यात वाहन कंपनीच्या विनिर्देशानुसार एक फिल्टर आणि खुल्या बाजारासाठी दुसऱ्या दर्जाचा कागद वापरलेला फिल्टर बनू शकतो. काही उत्पादक दोन्हीकडे तंतोतंत एकच माल देतात, काही देत नाहीत. त्यामुळे नाव पाहून थांबू नका. आपल्या इंजिनच्या भाग क्रमांकासमोर त्या उत्पादकाने कोणता क्रमांक दिला आहे आणि तो कॉमन रेल बीएस-६ साठीच दिला आहे का, हे सूचीत तपासा. आकार आणि आटे जुळतात म्हणून बीएस-३ चा स्पिन-ऑन (आट्यांवर फिरवून बसवायचा) फिल्टर नव्या गाडीला बसवलेला मी पाहिला आहे. तो बसतो, गळत नाही, आणि इंजेक्टर खातो.

टाकीफुल्ल

यंत्रवेध साहेब, मग फिल्टर लवकर बदलला तर अधिक चांगले ना? आम्ही पुस्तिकेत दिलेल्या अंतराच्या निम्म्यावरच बदलतो.

यंत्रवेध

नाही. नवा फिल्टर पहिल्या दिवशी सर्वांत कमी गाळतो. अडलेल्या कणांचा थर कागदावर बसत जातो तशी त्याची पकड सुधारते, आणि मग एका टप्प्यानंतर अडथळा वाढून डिझेल कमी पडू लागते. त्या टप्प्याच्या आत बदलणे योग्य, पण विनाकारण निम्म्यावर बदलण्यात दुहेरी तोटा आहे. चांगला कमावलेला फिल्टर आपण फेकतो, आणि प्रत्येक वेळी इंधनमार्ग उघडा करून बाहेरची धूळ आत जाण्याची संधी देतो.

गॅरेजवाट

शेवटचे वाक्य मी वर्कशॉपच्या भिंतीवर लिहून ठेवायला तयार आहे. कंपनीचा की बाजारातला, यावर मालक तासभर वाद घालतात, आणि तोच फिल्टर बसवताना फिटर काय करतो याकडे कोणीही पाहत नाही.

नवा स्पिन-ऑन फिल्टर बसवण्याआधी त्यात डिझेल ओतून भरण्याची सवय आपल्याकडे सर्रास आहे, कारण तसे केल्याने एअर, म्हणजे इंधनमार्गात अडकलेली हवा, लवकर निघते. हे डिझेल येते कुठून? कॅनमधून किंवा उघड्या बादलीतून. फिटर ते मधल्या मोठ्या भोकातून ओततो, आणि बहुतेक फिल्टरांमध्ये ते भोक गाळलेल्या बाजूचे असते. म्हणजे न गाळलेले डिझेल थेट पंपाकडे पाठवले. जगातला सर्वोत्तम फिल्टर लावला तरी त्या एका मिनिटात त्याचा उपयोग गेला. कॉमन रेलच्या गाडीला मुख्य फिल्टर कोरडाच बसवावा आणि हँड प्रायमरने (हाताने मारायच्या छोट्या पंपाने) किंवा असेल तर इलेक्ट्रिक पंपाने एअर काढावी. वेळ लागतो, हात दुखतो, पण मार्ग तोच आहे.

दुसरे म्हणजे जुना फिल्टर काढण्याआधी तो ज्यावर बसतो त्या हेडच्या भोवतालची माती ब्रशने आणि स्वच्छ डिझेलने धुऊन घ्यावी. तिथे कापसाचे बोळे किंवा धागे सुटणारे फडके वापरू नये.

घाटउतार

गॅरेजवाट काका, कोरडा फिल्टर बसवून हायवेवर एकटा चालक हँड प्रायमर किती मारणार? पावसात खंबाटकीच्या चढाला गाडी बंद पडली, मागे रांग लागली, अशा वेळी हाताशी असलेले डिझेल ओतण्यावाचून इलाज नसतो. पुस्तकातले नियम रस्त्यावरही पाळता यायला हवेत.

गॅरेजवाट

तुमची अडचण खरी आहे आणि मी चालकाला दोष देत नाही. अशा प्रसंगी ओतायचेच असेल तर मधले भोक झाकून कडेच्या लहान भोकांतून ओतावे, म्हणजे ते डिझेल निदान कागदातून जाईल. काही उत्पादक त्यासाठी फिल्टरसोबत मधल्या भोकाचे टोपण देतात. ते फेकू नये. पण मुळात रस्त्यावर फिल्टर बदलण्याची वेळ येते ती बहुधा टाकीतल्या घाणीमुळे किंवा पाण्यामुळे. त्यावर कोकणातल्या मंडळींनी लिहावे.

बंदरमार्ग

आमच्या गाड्या रत्नागिरी आणि गोव्याकडून मासळी आणि बर्फ वाहतात, त्यामुळे पाण्याचा त्रास आम्हाला इतरांपेक्षा अधिक ठाऊक आहे. या धाग्यात आतापर्यंत कणांवर भरपूर चर्चा झाली, पण पाणी हा तितकाच मोठा शत्रू आहे. रात्री अर्धी रिकामी टाकी थंड झाली की आतल्या हवेतील बाष्प पत्र्यावर जमते आणि तळाशी उतरते. पावसाळ्यात टाकीचे झाकण सैल असेल तर पाणी थेट आत जाते. पाण्यामुळे इंजेक्टर गंजतात, डिझेलमुळे मिळणारे वंगण तुटते, आणि टाकीत डिझेल व पाण्याच्या सीमेवर जंतू वाढून काळसर चिकट थर तयार होतो. त्या थराने फिल्टर काही दिवसांत तुंबतो आणि मालक फिल्टर बनवणाऱ्याला दोष देतो.

आम्ही केलेला मोठा बदल म्हणजे मुक्कामाला पोहोचल्यावर टाकी भरून ठेवणे आणि सकाळी इंजिन सुरू करण्याआधी वॉटर सेपरेटरच्या (डिझेलमधले पाणी वेगळे करणाऱ्या फिल्टरच्या) तळाचा नळ उघडून पारदर्शक बाटलीत थोडे डिझेल घेऊन पाहणे. पाणी खाली वेगळे दिसते. काचेच्या बाऊलचा सेपरेटर असेल तर उघडण्याचीही गरज नाही.

म्हणून माझे मत असे की टाकी आणि फीड पंप (टाकीतून डिझेल ओढणारा पंप) यांच्यामधला पहिला फिल्टर, म्हणजे सेपरेटरचा फिल्टर, तुम्ही जास्त काळजीने निवडा. पाण्याचा सेन्सर त्याच्या बाऊलमध्ये बसतो. स्वस्त फिल्टरच्या बाऊलमध्ये सेन्सरची जागा नीट जुळत नाही. मग फिटर सेन्सर मोकळा सोडतो किंवा वायर वेगळी करतो, आणि डॅशबोर्डवरचा दिवा कायमचा गप्प होतो.

यंत्रवेध

बंदरमार्ग यांनी अत्यंत महत्त्वाचा मुद्दा मांडला. त्याला एक तांत्रिक बाजू आहे, आणि तिच्यामुळेच जुन्या रचनेचे फिल्टर नव्या डिझेलला अपुरे पडतात. १ एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ डिझेल आले, त्यात गंधक ५० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत ५० भाग) होते. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ मध्ये ते १० पीपीएमवर आले. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलची नैसर्गिक वंगणक्षमता कमी होते, म्हणून ती राखणारी रसायने मिसळावी लागतात. ही रसायने, आणि बायोडिझेल मिसळलेले असल्यास तेही, पाण्याचे थेंब फार बारीक करून डिझेलमध्ये तरंगत ठेवतात. जुन्या सेपरेटरचा साधा कागद मोठे थेंब अडवत असे. हे बारीक थेंब तो सोडून देतो. नव्या फिल्टरमध्ये सिंथेटिक तंतूंचा थर असतो. त्यावर बारीक थेंब एकमेकांना मिळून मोठे होतात आणि मग खाली पडतात. बाहेरून दोन्ही फिल्टर सारखेच दिसतात.

रबराचेही तसेच आहे. बायोडिझेल साध्या नायट्राइल रबराला फुगवते किंवा कडक करते. ओ-रिंग कडक झाली की सक्शनच्या बाजूला डिझेल गळत नाही, पण हवा आत ओढली जाते. बाहेर काहीच दिसत नाही आणि गाडी सकाळी सुरू होताना त्रास देते.

दहाचाकी

एवढे सगळे वाचल्यावर मी माझ्या पहिल्या वाक्यावर अधिकच ठाम झालो आहे. कागद कोणता, तंतू कोणते, रबर कोणते, हे सामान्य मालकाने तपासायचे कसे? ज्याला हे तपासता येत नाही त्याने अधिकृत डीलरच्या काउंटरवरून कंपनीचा फिल्टर घ्यावा, हेच शहाणपणाचे आहे. कळंबोलीकरांच्या ताफ्यात खरेदी विभाग आहे. दोन गाड्यांच्या मालकाकडे तो नसतो.

कळंबोलीकर

हे मला मान्य आहे. माझा आक्षेप ‘बाजारातला म्हणजे वाईट’ या सरसकट विधानाला होता. दोन गाड्यांच्या मालकाला वर्षातून मोजके फिल्टर लागतात, तेव्हा किमतीतला फरक त्याच्यासाठी तितका मोठा नाही. आमच्यासारख्यांना तो मोठा आहे.

बिलबुक

वॉरंटीचा मुद्दा राहिला आहे, म्हणून लिहितो. बाहेरचा फिल्टर लावल्यास वॉरंटी रद्द होईल, असे सर्व्हिस सेंटरवर सरसकट सांगितले जाते. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांविरुद्ध सुटे भाग आणि दुरुस्तीच्या बाजाराविषयी आदेश दिला होता. स्वतंत्र गॅरेजमध्ये काम करून घेतले म्हणून वॉरंटी सरसकट रद्द करू नये, आणि बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढे नुकसान झाले तेवढ्यापुरतीच ती नाकारावी, अशी त्यात भूमिका होती. ते प्रकरण प्रवासी मोटारींचे होते आणि पुढे अपिलातही गेले, त्यामुळे ट्रकच्या मालकाने त्यावर भिस्त ठेवून बिनधास्त राहू नये.

व्यवहारात काय होते ते सांगतो. गिअरबॉक्सच्या दाव्यात फिल्टर कोणी विचारत नाही. इंजेक्टर किंवा हाय प्रेशर पंपाच्या दाव्यात मात्र पहिला प्रश्न फिल्टरचाच असतो, आणि तो अडवणुकीचा नसून तांत्रिकदृष्ट्या रास्त असतो. म्हणून वॉरंटी असेपर्यंत इंधन फिल्टर अधिकृत काउंटरवरचाच लावा, त्याचे जीएसटी बिल गाडी क्रमांकासह घ्या, आणि बदलल्याचे किलोमीटर जॉबकार्डवर लिहून घ्या.

वऱ्हाडवाट

एक दुरुस्ती सुचवतो. बीएस-३ म्हणजे इनलाइन आणि त्यानंतर सगळे कॉमन रेल, असा समज या धाग्यातून होऊ नये. अशोक लेलँडच्या आयईजीआर (धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात फिरवणाऱ्या) तंत्राच्या बीएस-४ गाड्यांमध्ये इनलाइन पंप होता. जुनी गाडी विकत घेणाऱ्यांनी वर्ष पाहून फिल्टर मागू नये. पंप पाहावा आणि इंजिन क्रमांकावरून भाग क्रमांक काढावा.

टाकीफुल्ल

नकली फिल्टर ओळखण्याची काही खात्रीची पद्धत आहे का? होलोग्रामवर विश्वास ठेवावा का?

गॅरेजवाट

होलोग्रामची नक्कल होते, त्यामुळे फक्त त्यावर विसंबू नका. बहुतेक मोठ्या उत्पादकांच्या खोक्यावर आता कोड असतो. तो मोबाइलवर तपासावा, आणि तोच कोड आधी अनेकदा तपासला गेल्याचे दिसल्यास माल परत करावा.

त्याहून चांगली पद्धत म्हणजे काढलेला फिल्टर कापून पाहणे. आम्ही एक अधिकृत काउंटरवरचा आणि एक दुकानातला, असे दोन वापरलेले फिल्टर करवतीने कापून मालकासमोर ठेवतो. घड्या किती आणि किती समान अंतरावर आहेत, कागदाचा जोड चिकटवलेला आहे की नुसता दुमडलेला, वरच्या आणि खालच्या टोपणाला कागद सर्व बाजूंनी धरलेला आहे का, हे डोळ्यांनी दिसते. नकली फिल्टरमध्ये घड्या एका बाजूला गोळा झालेल्या असतात आणि त्यांच्यामधून डिझेल सरळ निघून जाते. कागद ओला झाल्यावर बोटाने चिरत असेल तर त्यावर रेझिनची प्रक्रिया नीट झालेली नाही.

फाउंड्रीमाल

सर्वांचे मनापासून आभार. माझा निर्णय असा झाला आहे. नव्या गाडीचे दोन्ही फिल्टर, सेपरेटरचा आणि मुख्य, वॉरंटी संपल्यानंतरही अधिकृत काउंटरवरूनच घेणार, पण बसवण्याचे काम आमच्या गॅरेजमध्ये, मी स्वतः उभा राहून करून घेणार. जुन्या गाडीला नामांकित उत्पादकाचा फिल्टर वितरकाकडून घेणार. सेपरेटरचे पाणी रोज पाहण्याचे दोन्ही चालकांना सांगितले आहे.

एक प्रश्न उरतो. आमच्या गाड्या पूर्ण भाराने घाट चढतात. पुस्तिकेतील किलोमीटरचे अंतर अशा वापराला तसेच धरायचे का?

पंपदुरुस्ती

तसेच धरू नका. फिल्टरमधून किती लिटर डिझेल गेले यावर त्याचे आयुष्य ठरते, आणि भाराने घाट चढणारी गाडी दर किलोमीटरला सपाटीपेक्षा कितीतरी जास्त डिझेल पिते. शिवाय कॉमन रेलमध्ये जळते त्यापेक्षा जास्त डिझेल फिल्टरमधून फिरते, कारण उरलेले रिटर्नने टाकीत परत जाते. पुस्तिकेत जड वापरासाठी वेगळा तक्ता असतो, तो पाळा. यंत्रवेध यांनी सांगितल्याप्रमाणे त्याहूनही लवकर बदलण्याची गरज नाही.

घाटात भाराखाली गाडीचा दम जात असेल आणि सपाटीवर ती ठीक चालत असेल, तर अंदाजाने फिल्टर बदलत बसू नका. फीड पंपाच्या सक्शन लाइनला व्हॅक्यूम गेज लावून पूर्ण भारावर अडथळा मोजा. आकडा कंपनीच्या मर्यादेत असेल तर दोष फिल्टरमध्ये नाही, आणि मर्यादेबाहेर असेल तर फिल्टरसोबत टाकीतील सक्शन पाइपची जाळीही काढून पाहा.